मगरसंगोपन केंद्र ते मगरदर्शन : एका पर्यटन आकर्षणाचा इतिहास
(विशेष संदर्भ : हिंगोली जिल्हा व गोदावरी खोरे)

प्रस्तावना

हिंगोली जिल्ह्यात मगरींचे संगोपन केंद्र नाही. ज्याला मगर हमखास पाहावयाची असेल त्याला जिल्ह्याबाहेर जावे लागते. दक्षिणेस हैदराबादचे नेहरू प्राणी उद्यान आहे आणि पूर्वेस चंद्रपूर जिल्ह्यातील ताडोबा तलाव आहे. वरवर पाहता ही बाब केवळ भूगोलाची वाटते, परंतु तिच्यामागे सुमारे दीड शतकाचा इतिहास आहे. १ मे १९९९ रोजी परभणी जिल्ह्याचे विभाजन होऊन हिंगोली जिल्हा अस्तित्वात आला. पूर्णा, पैनगंगा आणि कयाधू या त्याच्या प्रमुख नद्या होत. कयाधू पैनगंगेस मिळते, पैनगंगा वर्धेस, वर्धा वैनगंगेशी एकरूप होऊन प्राणहिता होते आणि प्राणहिता गोदावरीस जाऊन मिळते. पूर्णा परभणी जिल्ह्यात थेट गोदावरीस मिळते. ताडोबाचे पाणीही अंधारी नदीमार्गे वैनगंगेत व पुढे याच प्रवाहात येते. म्हणजे ज्या खोऱ्यात हिंगोली वसली आहे, त्याच खोऱ्यात भारतातील मगरसंवर्धनाचे काही महत्त्वाचे प्रयोग झाले. हिंगोलीच्या वाट्याला मात्र त्यांतील एकही आला नाही.

मगरपालन केंद्रास भेट देणे हा आज वन्यजीव पर्यटनाचा एक परिचित प्रकार आहे. सहलीची बस थांबते, कठड्यापलीकडे संथ पाण्याकाठी दहा-वीस मगरी निश्चल पडलेल्या असतात, विद्यार्थी त्या जिवंत आहेत की नाहीत यावर वाद घालतात आणि बस पुढे निघते. हे दृश्य इतके सवयीचे झाले आहे की, ही केंद्रे प्रेक्षकांसाठीच उभारली गेली असावीत असा समज सहज होतो. वस्तुस्थिती तशी नाही. भारतातील बहुतेक मगरकेंद्रांच्या मूळ आराखड्यात प्रेक्षकाला जागाच नव्हती. आरंभी विचार होता कातड्याचा, नंतर नदीचा. हे दोन्ही मार्ग एकामागून एक बंद झाले आणि जो उरला तो प्रेक्षक. प्रस्तुत शोधनिबंधात या स्थित्यंतराचा मागोवा घेण्याचा प्रयत्न केला आहे. त्यासाठी वन्यजीव कायदा, संवर्धन प्रकल्पाचा इतिहास आणि लोकपरंपरा या तीन अंगांनी विषयाकडे पाहिले आहे.

शब्दविचार

विषयप्रवेशापूर्वी शब्दांचा थोडा खुलासा आवश्यक आहे. अ‍ॅलिगेटर हा प्राणी भारतात निसर्गतः आढळत नाही. त्याच्या दोनच जाती आहेत, एक अमेरिकेच्या आग्नेय भागातील आणि दुसरी चीनमधील. भारतात आढळतात त्या तीन जाती म्हणजे गोड्या पाण्यातील मगर, खाऱ्या पाण्यातील मगर आणि लांब चिंचोळ्या तोंडाची घडियाल. तथापि एकोणिसाव्या शतकातील इंग्रज अधिकारी व शिकारी येथील मगरीस सर्रास अ‍ॅलिगेटर म्हणत, आणि हा घोळ जुन्या कागदपत्रांत सर्वत्र दिसतो. मराठीत मगर आणि सुसर हे दोन शब्द आहेत. काही भागांत त्यांत भेद केला जातो, तर काही भागांत दोन्ही एकाच प्राण्यास लावले जातात. त्यामुळे जुन्या मराठी लेखनात ‘सुसर’ आली म्हणजे ती कोणत्या जातीची, हे संदर्भावरूनच ठरवावे लागते. दख्खनच्या नद्यांपुरता विचार केल्यास ती बहुधा गोड्या पाण्यातील मगरच असते.

‘सुसरबाई, तुझी पाठ मऊ’ ही म्हण सर्वश्रुत आहे. संकटात सापडलेल्याने बलवानाची खोटी स्तुती करावी, असा तिचा आशय. प्राणिशास्त्राच्या दृष्टीने ती विलक्षण अचूक आहे. मगरीच्या पाठीच्या खवल्यांखाली हाडांच्या तबकड्या असतात आणि त्यामुळे ती पाठ कमालीची टणक असते. मऊ असते ते पोट. कातड्याच्या व्यापाऱ्यांनाही पाठीशी फारसे कर्तव्य नव्हते. पिशव्या, पट्टे व पादत्राणे यांसाठी त्यांना हवे होते ते पोटाचे कातडे.

मगरदर्शनाची जुनी रूपे

मगर पाहण्यासाठी माणसाने मुद्दाम जावे, ही गोष्ट आधुनिक पर्यटनाच्या कितीतरी आधीची आहे. शिल्पात ती मकर होऊन आली. वेरूळच्या २१ क्रमांकाच्या लेण्यात मकरावर उभी असलेली गंगा पाहण्यास आजही अभ्यासक थांबतात. गजेंद्रमोक्षाच्या कथेत ती नक्र आहे. पंचतंत्रातील माकडाचे काळीज मागणारी मगर तर शालेय पुस्तकांतून घरोघरी पोहोचली. आद्य शंकराचार्यांच्या संन्यासग्रहणाच्या कथेतही नदीत पाय धरणारी मगर आहे. ती नदी केरळातील कालडीची पेरियार असून तिचे तेथील एक नाव पूर्णा आहे, हा हिंगोलीकरांना गमतीचा वाटावा असा योगायोग. सोळाव्या शतकात बाबराने आपल्या आत्मवृत्तात हिंदुस्थानातील जलचरांची नोंद करताना मगर व घडियाल या दोहोंचा उल्लेख केला आहे. नव्या देशात आलेल्या माणसाला येथील नद्यांत प्रथम काय दिसले, याचा तो पुरावा आहे.

जिवंत मगरीच्या दर्शनाचे सर्वांत प्रसिद्ध जुने स्थळ म्हणजे कराचीनजीकचे मंघोपीर. सिंध १९३६ पर्यंत मुंबई प्रांताचा भाग होता, त्यामुळे हे उदाहरण मराठी वाचकास अगदीच परके नाही. पीराच्या दर्ग्याजवळील कुंडात मगरी राहतात, भाविक त्यांना मांस अर्पण करतात आणि त्यांना पवित्र मानतात. रिचर्ड बर्टन या इंग्रज अधिकाऱ्याने १८५१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या सिंधविषयक ग्रंथात या जागेचे वर्णन आहे. कराचीतील गोरे अधिकारी तेथे सहलीस जात आणि मगरींची थट्टामस्करी करून करमणूक करून घेत, हेही त्यातून कळते. येथे एक बाब ध्यानात घेण्यासारखी आहे. एकाच कुंडाकाठी दोन प्रकारचे प्रेक्षक उभे होते. एक मांस घेऊन आलेला भाविक आणि दुसरा मगरीला डिवचणारा सहलकरी. पुढील काळातील मगरकेंद्रांत यांपैकी दुसराच अधिक आला, ही इतिहासाची शोकांतिका म्हणावी लागेल.

गोव्यात याहून निराळी परंपरा आहे. फोंडा तालुक्यातील दुर्भाट व आसपासच्या गावांत पौष अमावास्येला ‘माणगे थापणी’ हा विधी होतो. खाजन शेतीच्या बांधाजवळ मातीची मगर घडवतात, तिच्या अंगावर शिंपले बसवतात, काटक्यांचे दात करतात आणि तिची पूजा करतात. खाऱ्या पाण्यापासून शेतीचे रक्षण करणारे बांध आणि त्यांच्याकाठी वावरणारी मगर यांचे नाते या विधीत जपले गेले आहे. तापी खोऱ्यातील आदिवासी समाजात लाकडी मगरदेवाची पूजा होते, तीही याच जातकुळीची. या परंपरांत मगर पाहिली जाते, पण कुंपणात घातली जात नाही.

शिकार, कातडे आणि कायदा

निजामाच्या राज्यात हिंगोली हे हैदराबाद कंटिन्जंटच्या फौजेचे ठाणे होते. औरंगाबाद, जालना, मोमिनाबाद, एलिचपूर, बोलारम यांच्या जोडीने हिंगोलीची छावणी एकोणिसाव्या शतकात नावारूपास आली. १९०३ मध्ये कंटिन्जंट हिंदुस्थानच्या सैन्यात विलीन झाल्यावर तिचे महत्त्व संपले. अशा ठाण्यांतील अधिकाऱ्यांच्या जीवनात शिकारीस मोठे स्थान होते. हिवाळ्यातील सकाळी वाळूवर ऊन खात पडलेली मगर हे नेमबाजीचे सोपे लक्ष्य मानले जाई. वाघाच्या शिकारीस जी प्रतिष्ठा होती, ती मगरीच्या शिकारीस नव्हती. मगर हा उपद्रवी प्राणी समजला जाई आणि त्यास मारणे ही जणू सेवाच गणली जाई. गोळी लागलेली मगर बहुधा पाण्यात बुडे आणि हातीही लागत नसे. तिचे मोजमाप कोठे नोंदले जाणार?

विसाव्या शतकात या हौशी शिकारीस व्यापाराची जोड मिळाली. जाळी, गळ आणि विजेरीच्या उजेडात केलेली रात्रीची शिकार यांमुळे देशभर मगरींची संख्या झपाट्याने घटली. अंड्यांची लूट, धरणे आणि मासेमारीची नायलॉनची जाळी यांनी उरलेले काम केले. १९७० च्या दशकाच्या मध्यास देशातील वन्य घडियालांची संख्या दोनशेच्याही खाली गेली होती, असे सामान्यतः मानले जाते. वन्यजीव संरक्षण अधिनियम १९७२ मध्ये संमत झाला आणि मगरींना पहिल्या अनुसूचीत, म्हणजे वाघाच्या पंक्तीत, स्थान मिळाले. जो प्राणी कालपर्यंत उपद्रवी होता, तो एका कायद्याने परमसंरक्षित झाला. लोकांच्या मनात मात्र असा बदल एका अधिसूचनेने होत नसतो.

यानंतरचा टप्पा विशेष लक्षणीय आहे. भारत सरकारच्या विनंतीवरून संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेने डॉ. एच. आर. बुस्टार्ड या सरीसृपतज्ज्ञास भारतात पाठविले. त्यांचा अहवाल १९७४ मध्ये प्रसिद्ध झाला. त्याचे शीर्षक होते भारतातील मगरशेतीच्या शक्यतांची प्राथमिक पाहणी. शेती हाच शब्द तेथे होता. त्यामागील विचार असा की, नदीतील अंडी गोळा करून पिले वाढवावीत, त्यांतील काही नदीत सोडून संख्या सावरावी आणि पुढे संख्या पुरेशी झाल्यावर कातड्याच्या उत्पन्नातून नदीकाठच्या लोकांना रोजगार द्यावा. लोकांना मगर फायद्याची वाटली तरच ती टिकेल, असा हा व्यवहारवादी युक्तिवाद होता.

हा युक्तिवाद कल्पनेतला नव्हता. अमेरिकेतील लुइझियाना राज्यात १९७२ पासून नियंत्रित शिकार व पुढे अंडी गोळा करून पालन यांतून अ‍ॅलिगेटरच्या कातड्याचा कायदेशीर व्यापार सुरू झाला. दलदलीच्या जमिनीच्या मालकाला अंड्यांचे पैसे मिळू लागल्याने दलदल राखण्यात त्याचा स्वार्थ निर्माण झाला. १९६७ मध्ये संकटग्रस्त ठरलेला हा प्राणी १९८७ मध्ये पूर्णतः सावरलेला म्हणून घोषित झाला. भारताने मात्र हा रस्ता धरला नाही. कायद्याने पहिल्या अनुसूचीतील प्राण्याच्या कातड्याच्या व्यापारास वाव ठेवला नाही आणि १९७६ मध्ये भारत वन्यजीव व्यापारविषयक आंतरराष्ट्रीय करारातही सामील झाला. संवर्धन क्षेत्रातील काही जाणकारांनी पुढे अनेक वर्षे मर्यादित व्यापाराची मागणी लावून धरली, परंतु ती मान्य झाली नाही. हा निर्णय योग्य की अयोग्य, यावर मतभेद आहेत. एवढे मात्र खरे की, शेती म्हणून आखलेल्या गोष्टीतील पीकच त्यामुळे वजा झाले.

संगोपन केंद्रांची उभारणी

१९७५ मध्ये मगर संवर्धन प्रकल्प ओडिशात सुरू झाला. घडियालासाठी टिकरपाडा, खाऱ्या पाण्यातील मगरीसाठी भितरकनिका आणि गोड्या पाण्यातील मगरीसाठी सिमिलीपालमधील रामतीर्थ अशी तीन केंद्रे उभी राहिली. एल. ए. के. सिंग, सुधाकर कर, बी. सी. चौधरी यांसारखे तरुण संशोधक या प्रकल्पातून घडले. लवकरच उत्तर प्रदेश, राजस्थान, तमिळनाडू, गुजरात, आंध्र प्रदेश, महाराष्ट्र अशा अनेक राज्यांत अशी केंद्रे निघाली. हैदराबाद येथे १९८० मध्ये मगरपैदास व व्यवस्थापन प्रशिक्षणाची केंद्रीय संस्था स्थापन झाली आणि देशभरातील वनाधिकारी तेथे शिकू लागले.

या केंद्रांतील काम बाहेरून साधे दिसले तरी अत्यंत नाजूक होते. गोड्या पाण्यातील मगर साधारणतः फेब्रुवारी ते एप्रिल या काळात काठावर खड्डा करून पंचवीस-तीस अंडी घालते. ती उचलताना प्रत्येक अंड्याच्या वरच्या बाजूस पेन्सिलीने खूण करावी लागे. अंडे उलटले तर आतील गर्भ मरतो, कारण तो कवचाच्या वरच्या भागास चिकटून वाढत असतो. पक्ष्याच्या अंड्यास फिरवावे लागते, मगरीच्या अंड्यास मुळीच फिरवावयाचे नाही, हा फरक नव्या कर्मचाऱ्यास प्रथम शिकवावा लागे. उबवणीचे तापमान तीस ते तेहतीस अंश सेल्सिअसच्या दरम्यान राखावे लागे. पुढे मद्रास येथील संशोधनातून असे सिद्ध झाले की, याच तापमानावर पिलू नर होणार की मादी हे ठरते. साडेबत्तीस अंशांच्या आसपास नर अधिक निपजतात आणि त्याहून कमी तापमानात माद्या. म्हणजे उबवणीच्या खोलीतील तापमापकाच्या काट्यावर भावी पिढीतील नर-माद्यांचे प्रमाण अवलंबून होते. पिले फुटण्याच्या सुमारास अंड्याच्या आतून आवाज करतात. नदीवर तो आवाज ऐकून मादी घरटे उकरते. केंद्रात ते काम चौकीदाराच्या कानांवर सोपवलेले असे.

पिले सुमारे १.२ मीटर लांबीची होईपर्यंत हौदात वाढवावयाची आणि नंतर संरक्षित पाण्यात सोडावयाची, अशी पद्धत होती. नदीत दर शंभर पिलांमागे फार थोडी जगतात. या पद्धतीने सुरुवातीची सर्वांत धोक्याची दोन-तीन वर्षे टळत. ओडिशातील नंदनकानन येथे १९८० मध्ये घडियालाची बंदिस्त पैदास प्रथमच यशस्वी झाली. त्यासाठीचा नर जर्मनीतील फ्रँकफर्टच्या प्राणिसंग्रहालयातून आणावा लागला होता. गंगेच्या खोऱ्यातील प्राण्यासाठी नर जर्मनीतून यावा, यावरून त्या काळातील परिस्थिती किती हातघाईची होती, हे लक्षात येते.

गोदावरी खोऱ्यापुरते पाहता तीन ठिकाणे महत्त्वाची ठरतात. पहिले ताडोबा. १९५५ मध्ये राष्ट्रीय उद्यान झालेल्या या जंगलातील तलावात मगरी आहेत. १९७० च्या दशकाच्या उत्तरार्धात तेथे मगरसंगोपनाचे काम हाती घेण्यात आले. तलावाच्या काठी तारू या गोंड वीरदेवाचे ठाणे आहे, त्याच्या नावावरूनच ताडोबा हे नाव आले असे सांगतात, आणि पौषात तेथे यात्रा भरण्याची परंपरा होती. आज ताडोबाला जाणारा पर्यटक वाघ पाहावयास जातो. वाघ दिसला नाही तर परतीच्या वाटेवर तलावाकाठी गाडी थांबते आणि दूरवर गाळावर पडलेली मगर त्याला दाखवली जाते. मगरीच्या वाट्याला आलेली ही दुय्यम भूमिका बरेच काही सांगून जाते.

दुसरे ठिकाण मंजिरा अभयारण्य. मांजरा नदी बीड जिल्ह्याच्या पाटोदा तालुक्यात बालाघाटच्या डोंगरात उगम पावते, मराठवाड्यातून वाहत तेलंगणात जाते आणि तेथे मंजिरा म्हणून ओळखली जाते. संगारेड्डीजवळील तिच्या जलाशयावर १९७८ मध्ये अभयारण्य घोषित झाले आणि संगोपन केंद्रात वाढवलेल्या मगरी तेथे सोडण्यात आल्या. तिसरे, गोदावरीच्या काठावर मंथनीनजीकचे शिवरम अभयारण्य. तेही १९७८ मध्ये मुख्यत्वे मगरींसाठीच राखले गेले. मराठवाड्याचे पाणी ज्या दोन प्रवाहांतून पुढे जाते, त्या दोहोंवर सीमेपलीकडे मगरींसाठी राखीव जागा झाल्या. सीमेअलीकडे, मराठवाड्यात, त्या काळात पाण्याचा विचार सिंचनाच्या भाषेतच होत होता. ते समजण्यासारखे आहे. १९७२ च्या दुष्काळातून नुकत्याच सावरलेल्या प्रदेशाने धरणाकडे प्रथम शेतीसाठी पाहिले, तर त्यास दोष देता येणार नाही.

प्रेक्षकाचे आगमन

हैदराबादचे नेहरू प्राणी उद्यान १९६३ मध्ये मीर आलम तलावाजवळ सुरू झाले. तत्पूर्वी बाग-ए-आम या सार्वजनिक उद्यानात प्राणी ठेवलेले असत. मराठवाडा १९५६ मध्ये मुंबई राज्यात आला, तरी हिंगोली, नांदेड, परभणी या भागांचा हैदराबादशी असलेला जुना राबता तुटला नाही. चारमिनार, सालारजंग संग्रहालय आणि प्राणी उद्यान ही सहलीची त्रिस्थळी येथील अनेक पिढ्यांच्या परिचयाची आहे. येथील पुष्कळ लोकांनी आयुष्यातील पहिली मगर आपल्या नदीत न पाहता या उद्यानाच्या कठड्यावरून पाहिली असणार.

प्रेक्षकाच्या तिकिटावर मगरकेंद्र चालवण्याची कल्पना अमेरिकेत जुनी आहे. फ्लोरिडातील सेंट ऑगस्टीन येथील अ‍ॅलिगेटर फार्म १८९३ पासून पर्यटकांना आकर्षित करीत आले. समुद्रकिनाऱ्यावर जाणाऱ्या प्रवाशांना वाटेत दाखवावयाचा तमाशा, असे त्याचे आरंभीचे रूप होते. भारतात या कल्पनेला संवर्धनाची जोड दिली ती रोम्युलस व झाई व्हिटेकर यांनी. १९७६ मध्ये त्यांनी मद्रासच्या दक्षिणेस समुद्रकाठी मगर बँक स्थापन केली. बँक हा शब्द अन्वर्थक होता. येथे मगरींची ठेव ठेवावयाची आणि नद्या सुरक्षित झाल्या की ती परत द्यावयाची, अशी योजना होती. खर्चाचा मोठा भाग प्रेक्षकांच्या तिकिटातून निघे.

ठेव वाढत गेली. बंदिवासात पुरेसे अन्न मिळाल्यास गोड्या पाण्यातील मादी वर्षातून दोनदाही अंडी घालते, हे याच संस्थेत दिसून आले. काही डझनांपासून सुरू झालेली संख्या हजारोंवर गेली. दुसऱ्या बाजूने नद्या काही मोकळ्या झाल्या नाहीत. सोडण्याजोगी सुरक्षित ठिकाणे भरत आली, नदीकाठच्या लोकांचा विरोध वाढू लागला आणि १९९० च्या दशकात मगरी सोडण्याचे काम जवळपास थांबले. अंडी फुटू न देणे, नर-माद्या वेगळ्या ठेवणे अशी वेळ आली. जी संस्था अंडी जपण्यासाठी निर्माण झाली, तिलाच अंडी नष्ट करावी लागावीत, ही गोष्ट नियोजनाच्या इतिहासात विचार करण्यासारखी आहे. २०२२ मध्ये या संस्थेतील सुमारे १,००० मगरी गुजरातमधील जामनगर येथील खासगी प्राणी केंद्राकडे हलवण्याचा निर्णय झाला. त्यास दिलेले आव्हान मद्रास उच्च न्यायालयाने फेटाळले. म्हणजे बँकेतील ठेव नदीकडे न जाता दुसऱ्या बँकेत गेली.

कातडे विकता येत नाही आणि नदीत सोडता येत नाही, अशा स्थितीत मगरकेंद्राचे प्रयोजन प्रेक्षकापुरते उरते. येथे एक मूलभूत अडचण आहे. मगर हा करमणूक करणारा प्राणी नाही. ती शीतरक्ताची असल्याने शरीराचे तापमान उन्हा-सावलीच्या साहाय्याने राखते आणि तासन्‌तास हालचाल करीत नाही. तोंड उघडे ठेवून पडणे हा उष्णता घालवण्याचा तिचा मार्ग आहे. प्रेक्षकाला मात्र त्यात एकतर आक्रमकता दिसते किंवा ती मेली असावी असे वाटते. मग खडे मारले जातात. १९९१ च्या दुरुस्तीने वन्यजीव अधिनियमात प्राणिसंग्रहालयांविषयीचे प्रकरण आले, त्यातील कलम ३८-ञ अन्वये प्राण्यांना डिवचणे, इजा करणे, आरडाओरड करून त्रास देणे हा गुन्हा ठरला. १९९२ मध्ये केंद्रीय प्राणिसंग्रहालय प्राधिकरण स्थापन झाले. तरीही मगरीच्या खंदकात पडलेले दगड आणि बाटल्या हे दृश्य नाहीसे झालेले नाही. मंघोपीरच्या कुंडाकाठी उभा असलेला दुसऱ्या प्रकारचा प्रेक्षक अजून हयात आहे.

या प्रदर्शनातून ज्ञान मिळत नाही, असे म्हणणे अन्यायाचे होईल. २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात मद्रासच्या केंद्रातील मगरी घरटी बांधण्याच्या हंगामात नाकावर काटक्या ठेवून पाण्यात निश्चल राहतात आणि काटकी घेण्यास आलेल्या बगळ्यांना पकडतात, असे नोंदवले गेले. म्हणजे ज्या निश्चलतेला प्रेक्षक कंटाळतो, तीत कधीकधी डाव दडलेला असतो. पण हे पाहण्यास आठवडे लागतात, आणि सहलीपाशी असतो अर्धा तास.

नदीवरील दर्शन

अलीकडच्या काळात महाराष्ट्र व गोव्यात मगरदर्शनाचे दुसरे रूप पुढे आले आहे. गोव्यातील मांडवी व जुवारी यांना जोडणाऱ्या कुंभारजुवे कालव्यात होडीतून मगरी दाखवल्या जातात. रत्नागिरी जिल्ह्यातील चिपळूणजवळ वाशिष्ठीच्या खाडीतही अशा होड्या चालतात. येथे कुंपण नाही, संगोपनाचा खर्च नाही, अंड्यांचा प्रश्न नाही. मगर दिसेल याची हमीही नाही. होडीवाला हा स्थानिक माणूस असल्याने उत्पन्नाचा काही भाग नदीकाठीच राहतो. बुस्टार्ड यांच्या अहवालातील मूळ तर्क, म्हणजे नदीकाठच्या माणसाला मगर फायद्याची वाटली पाहिजे हा विचार, कातड्याऐवजी होडीच्या भाड्यातून येथे काही अंशी साकार झाला असे म्हणता येईल.

अर्थात त्याचीही दुसरी बाजू आहे. वाशिष्ठीतील मगर जुलै २०२४ च्या सुमारास पावसात चिपळूणच्या रस्त्यावर फिरताना दिसली आणि तिची चित्रफीत देशभर पाहिली गेली. सांगली जिल्ह्यात कृष्णेकाठी मगरीचे माणसांवर हल्ले झाले आहेत. तेथे मगर हा पर्यटनाचा विषय नाही, तो पाणवठ्यावर जाणाऱ्या माणसाच्या भीतीचा विषय आहे. महाराष्ट्र शासनाच्या वन्यप्राण्यांमुळे होणाऱ्या हानीच्या भरपाईच्या यादीत मगरीचा समावेश आहे, ही बाब या संदर्भात लक्षात ठेवावी लागते. होडीतून मगर पाहणारा आणि मोटारपंप सुरू करण्यासाठी रात्री नदीत उतरणारा, या दोघांचा प्राणी एकच असला तरी अनुभव एक नाही.

हिंगोलीच्या संदर्भात

हिंगोली जिल्ह्याच्या सीमेवर व सीमेत तीन मोठे जलाशय आहेत. पूर्णेवरील येलदरी व सिद्धेश्वर ही धरणे १९६० च्या दशकातील, तर पैनगंगेवरील इसापूर १९८० च्या दशकातील. इसापूरच्या जलाशयास पक्षी अभयारण्याचा दर्जा लाभला आहे. औंढा नागनाथ व नर्सी नामदेव या तीर्थक्षेत्रांमुळे जिल्ह्यात बाहेरून येणाऱ्यांची संख्या मोठी आहे, आणि यात्रेकरूला पर्यटक करण्याच्या चर्चेत जलाशयांचे नाव येणे स्वाभाविक आहे. अशा चर्चेत प्राणी ठेवण्याची, त्यातही मगरीसारखा फारसा खर्च न मागणारा प्राणी ठेवण्याची कल्पना आकर्षक वाटू शकते. वरील इतिहास पाहता ती स्वस्त नाही. एक मगर पन्नास वर्षांहून अधिक जगू शकते. कठडा बांधणाऱ्या पिढीचा उत्साह संपल्यावरही तिला खाऊ घालावे लागते.

जलाशयात मगर स्वतःहून असणे हा वेगळा प्रश्न आहे. गोदावरी खोऱ्यात मगर दिसल्याच्या बातम्या अधूनमधून वर्तमानपत्रांत येतात आणि त्यांचा शेवट बहुधा ‘वनविभागाने मगर पकडून अन्यत्र सोडली’ या वाक्याने होतो. भोई समाजातील वृद्ध मासेमारांकडे नदीच्या डोहांविषयी पुष्कळ माहिती असते. कोणता डोह उन्हाळ्यात आटत नाही, कोठे कपारी आहेत, कोठे मोठी सुसर राहत असे, हे त्यांना ठाऊक असते. गॅझेटिअरमध्ये ही माहिती नाही. महाविद्यालयीन विद्यार्थ्यांच्या क्षेत्रभेटींतून ती अजून टिपता येण्यासारखी आहे, मात्र धरणापूर्वीची नदी पाहिलेली पिढी आता सत्तरीच्या पुढे गेली आहे.

एक तपशील येथे नोंदवणे आवश्यक आहे. दख्खनमधील मगर अंडी घालते ती पाणी ओसरत असताना, पाण्याच्या रेषेपासून थोड्या वरच्या मातीत. नेमक्या याच काळात जलाशयांचे पाणी मागे सरकते आणि उघड्या पडलेल्या सुपीक पट्ट्यावर गाळपेर होते. टरबुजाचे वेल, भुईमूग, मोटारपंपांच्या नळ्या आणि राखणीच्या झोपड्या यांनी तो काठ फेब्रुवारीपासून मे अखेरपर्यंत भरून जातो. गाळपेर करणाऱ्यांत धरणात जमीन गेलेली कुटुंबेही असतात आणि त्या पट्ट्यावरील त्यांचा हक्क भावनिकही आहे. जून उजाडला की पाणी चढते आणि पट्टा पुन्हा बुडतो. मगरीची अंडी फुटण्यास दोन महिने किंवा त्याहून थोडा अधिक काळ लागतो. घरटे आणि गाळपेर या दोघांना हवी असलेली जमीन आणि दोघांना हवे असलेले महिने एकच आहेत.